काळूचं उद्यापन

विमलबाईंच्या घरात मासा आला तो वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून. जुन्या जालन्यातल्या त्यांच्या घराच्या ईशान्य कोपऱ्यात चपलांचा स्टँड होता. मुलाचं, सुयशचं लग्न जमत नाही, नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, यजमानांना, नरहररावांना गुडघा वाकवता येत नाही, या सगळ्याच्या मुळाशी त्या चपला आहेत, असं त्या माणसानं दोन बशा पोहे खाऊन सांगितलं. नळाला तर सगळ्या जालन्यातच पाणी येत नव्हतं, पण गावभरच्या चपला एकदम कुणाला हलवता येणार? उपाय सोपा होता. चपला बाहेर काढायच्या आणि त्या जागी काचेची पेटी ठेवून आठ सोनेरी मासे नि एक काळा मासा पाळायचा. सोनेरी मासे लक्ष्मी आणतात आणि काळा घरावरची पीडा ओढून घेतो, अशी कामाची वाटणी होती.

सुयश तेव्हा सुट्टीला पुण्याहून आलेला. त्यानं संभाजीनगरच्या एका दुकानातून नऊ मासे आणले. काळा मासा बोटाच्या दोन पेरांएवढा होता, अंगावर नारिंगी रेघोट्या, डोळे मात्र अंगाच्या मानानं मोठे. "छोटाच राहतो हा," असं दुकानदारानं सांगितलं होतं. दुकानदार वधूपक्षासारखाच बोलला, त्यात त्याचं काही चुकलं नाही.

नरहरराव सरकारी कचेरीतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या अर्जांवर शेरे मारले. निवृत्तीनंतर अर्ज यायचे बंद झाले, पण शेरे आतच साठून राहिले होते, ते आता घरात वापरले जात. भाजीवर शेरा, शेजाऱ्यांच्या गाडी लावण्यावर शेरा, विमलबाईंच्या झोपण्याच्या कुशीवरही शेरा. माणूस वाईट नव्हता. औषधपाणी वेळेवर आणायचे, कुणाला टाकून बोलायचे नाहीत. फक्त आपलं बरोबर असतं, एवढी एकच खोड त्यांना होती, आणि ती चोवीस तास असायची.

या खोडीतूनच तेवीस वर्षांपूर्वी लसणाचं प्रकरण झालं. हेड क्लार्कची बढती मिळाली त्या आठवड्यात नरहरराव जांब समर्थला गेले आणि देवापुढे नेम धरून आले, कांदा-लसूण आजपासून बंद. देवापुढे आपली आवडती वस्तू सोडायची असते, अशी रीत आहे. आता गंमत बघा. लसणानं नरहररावांना जन्मभर आंबट ढेकर यायचे. आवडायचा तो विमलबाईंना. मंठ्याला माहेरी त्या भाकरीवर लसणाची चटणी आणि वर कच्चं तेल घेऊन जेवायच्या, भाजी असली काय नि नसली काय. पण नेम यांनी धरला आणि लसूण त्यांचा सुटला. एका घरात दोन फोडण्या कशा घालायच्या, असं म्हणून विमलबाईंनी खलबत्ता माळ्यावर ठेवून दिला. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तर मासे. दोन-तीन महिने सगळं ठीक होतं. मग एके दिवशी सोनेरी माशांत एक कमी भरला. नरहररावांनी पेटीखाली, पेटीमागे, सोफ्याखाली शोधला आणि शेवटी वास्तुतज्ज्ञाला फोन लावला. तो म्हणाला, "उत्तम झालं! घरावरचं संकट माशानं अंगावर घेतलं." महिनाभरात अशी एकूण सात संकटं टळली. नरहरराव मोती बागेत सकाळच्या फिरायच्या मंडळात टळलेल्या संकटांचा आकडा सांगत होते. आठवं संकट टळताना मात्र विमलबाई समोरच उभ्या होत्या. काळ्या माशाच्या तोंडातून सोनेरी शेपूट बाहेर लोंबत होती आणि तो मोठ्या समाधानानं गिळत होता.

सुयशला व्हिडिओ कॉलवर मासा दाखवला. तो आधी हसला, मग बापाचा चेहरा बघून गंभीर झाला. "बाबा, हा ऑस्कर आहे. मांसाहारी. फूटभर होतो. याला छोट्या माशांबरोबर ठेवतच न्हाईत. किडे, झिंगे, असलं लागतं त्याला."

"या घरात?" नरहरराव म्हणाले. "माझ्या घरात राहायचं तर माझ्या घरचं खायचं."

आणि त्यांनी माशाला सुधारायचं मनावर घेतलं. पहिला शेरा नावावर पडला. विमलबाई त्याला काळू म्हणायच्या, त्याचं नाव सत्त्वशील ठेवण्यात आलं. सकाळी उकडलेला वाटाणा, दुपारी भिजलेली हरभऱ्याची डाळ, संध्याकाळी पोळीचा कुस्करा. एकादशीला भगर. भगरीनं पेटीतलं पाणी ताकासारखं झालं, तरी नेम मोडला नाही. काळू प्रत्येक गोष्ट तोंडात घ्यायचा, विचार करायचा आणि पचकन थुंकायचा. वाटाणा तेवढा कधीमधी पोटात जाई. "वळण लागायला वेळ लागतो," नरहरराव म्हणायचे. "सुयशलाही कारलं खायला चार वर्षं लागली." सुयश पुण्यात काय काय खातो, हे विमलबाईंना ठाऊक होतं.

त्याच सुमारास नरहररावांनी शोभेसाठी पेटीत प्लास्टिकचं कमळ बसवलं. काळूनं ते पाहिलं आणि तो आडवा झाला. एका कुशीवर, तळाशी, डोळा उघडा. मेलाच, असं विमलबाईंना वाटलं. देवघरातला गंगेचा गडू उघडून नरहररावांनी दोन थेंब पाण्यात सोडले आणि घड्याळ बघून वेळ टिपून ठेवली. तासाभरानं काळू उठला, कमळाला धडक दिली, ते उपटून कोपऱ्यात नेऊन टाकलं आणि विमलबाईंकडे तोंड करून उभा राहिला. मेला नव्हता, रुसला होता. या जातीचे मासे असे रुसतात, हे सुयशनं नंतर सांगितलं. विमलबाईंना मात्र तेव्हाच त्याचा लळा लागला. घरात मनाविरुद्ध काही झालं की सरळ आडवं पडायचं आणि ती वस्तू उचलून फेकून द्यायची, हे कुणाला तरी जमतंय, याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

पण तो वाळत चालला होता. विमलबाई पेटीसमोरून गेल्या की काचेला तोंड लावून त्यांच्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत यायचा. एके सकाळी विमलबाई गच्चीवर पापड वाळत घालायला गेल्या. तिथं नरहररावांचा गांडूळखताचा हौद होता, तुळशीसाठी केलेला, त्याच्यावरही ते मंडळात बोलत असत. ओल्या मातीवर एक गांडूळ वळवळत होतं. विमलबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, "शिव शिव" म्हटलं आणि ते दोन बोटांच्या चिमटीत धरून जिना उतरल्या. काळूनं ते पाण्याला टेकायच्या आधीच वर येऊन घेतलं. त्या दिवशी विमलबाईंनी तीनदा हात धुतले. दुसऱ्या दिवशी दोनदा. आठवड्याभरानं त्या पदराला हात पुसून कणीक मळायला बसत होत्या.

पुढे गांडुळं पुरेनात. शेजारच्या ज्योत्स्नाला एक दिवस त्यांनी हळूच विचारलं. ज्योत्स्ना जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, नवरा सुमित, दोघं नव्यानं राहायला आलेली. ज्योत्स्ना इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "काकू, एवढंच ना? आमच्या घरी रविवारी झिंगे येतातच. तुमच्या काळूचा वाटा वेगळा ठेवत जाईन." तेव्हापासून ज्योत्स्नाच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाचा एक जुना डबा राहू लागला. नरहरराव मोती बागेत गेले की डबा यायचा, ते परत येईपर्यंत जायचा.

आणि काळू वाढला. महिन्याला बोटबोटभर. सुयशनं चार फुटी पेटी पाठवली. याच्या पाण्याला क्लोरीनचा वास नको, पाणी भरून ठेवलेलं असावं, असं सुयशनं बजावलं होतं. जालन्यात ताजं पाणी असतं कुठे? आठव्या दिवशी नळ येतो, ड्रम भरतात, पुढचे सात दिवस सगळं गाव शिळ्या पाण्यावर जगतं. काळूला जालना अगदी मानवलं. दर आठवड्याला विमलबाई बादलीनं पाव पेटी उपसायच्या, ते पाणी तुळशीला घालायच्या नि ड्रममधलं पेटीत ओतायच्या. वर्षभरात तो फूटभर झाला, कपाळ रुंद, चाल एखाद्या सरपंचासारखी. विमलबाईंच्या हातून घास घ्यायचा, बोटाला कधी लागू दिलं नाही.

"बघा," नरहरराव मोती बागेत सांगत होते, "निव्वळ वाटाण्यावर. संस्कार म्हणतात ते हेच." मंडळाचे अध्यक्ष रामप्रसादजी स्वतः पाहायला आले. मग रांगच लागली. लोक येताना पाव किलो वाटाणे आणायचे, काचेला हात लावून नमस्कार करायचे. कुणी आपल्या मटण खाणाऱ्या जावयाला मुद्दाम घेऊन आलं. जावई मान खाली घालून उभा राहिला आणि काळू त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. नरहररावांना एकच काळजी होती. "विमल, हौदातली गांडुळं कमी होऊन राह्यली. हवेत केमिकल किती वाढलंय बघ." विमलबाई पोळी लाटत "हो ना," म्हणाल्या.

उन्हाळ्यात पुण्याला चिन्मयीचं बाळंतपण आलं. लेकीचं पहिलंच, विमलबाईंना दीड महिना जाणं भाग होतं. त्यांनी किल्ली ज्योत्स्नाकडे दिली, डबा भरून ठेवला, कसं द्यायचं ते तीनतीनदा सांगितलं आणि काळूला "येते हं," म्हणून निघाल्या. पण मास्तरांना शिकवणं सोडून जी छप्पन कामं असतात, त्यातलं एक ज्योत्स्नावर येऊन पडलं. भोकरदनकडच्या खेड्यांत तिला सरकारी ड्यूटी लागली. सुमितला हा सगळा प्रकारच माहीत नव्हता. काकूंच्या डोक्याला ताप नको, त्या बाळंतिणीपाशी आहेत, आपण चार दिवसांत येऊच, असं म्हणून ज्योत्स्नानं कळवलंही नाही. चार दिवसांचे पंधरा झाले.

सोळाव्या दिवशी नरहररावांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"विमल, सत्त्वशील खाऊन न्हाई राह्यला. तळाशी पडून असतो. आधी वाटलं, रुसला. पण डोक्यावर बारीक भोकं पडल्यासारखी दिसून राह्यली."

"पाणी बदललं का?"

"तू गेल्यापासून न्हाई. नळच दहा दिवसांनी आल्ता."

"आणि खायला?"

"वाटाणा. मंग दुसरं काय? सव्वा वर्ष तेच तर खाऊन राह्यला तो." मग जरा थांबून, "रविवारी मंडळाचा कार्यक्रम आहे. त्याचा सत्कार. रामप्रसादजींनी मंडप सांगितला, साप्ताहिकवाला येणार आहे फोटो घ्यायला."

विमलबाई फोन धरून गॅलरीत उभ्या राहिल्या. सांगितलं, तर या माणसाची साऱ्या मोती बागेत शोभा होणार, तीही बायकोनं केलेली. नाही सांगितलं, तर काळू मरणार. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला आमटीत मीठ कमी पडलंय एवढंच एक सत्य तोंडावर सांगितलं होतं.

"अहो, ऐका," त्या म्हणाल्या. "तो शाकाहारी न्हाई. कधीच नव्हता. मी त्याला झिंगे घालत होते. ज्योत्स्नाच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यात आहेत. आणि त्याच्या आधी... गांडुळं."



"माझी गांडुळं?" नरहरराव म्हणाले, आणि फोन बंद झाला.

दोन दिवस फोन नाही. विमलबाईंनी केले तर उचलले नाहीत. चिन्मयीसाठी लसूण सोलत त्या बसून राहायच्या. बाळंतिणीला लसूण चांगला, दूध येतं, म्हणून रोज गड्डाच्या गड्डा तुपात परतत होत्या. साऱ्या घरभर तो वास. चिन्मयी म्हणाली, "आई, तूही घे ना ताटात. बाबा कुठे बघून राह्यले?" पण हात गेला नाही. तेवीस वर्षांत हातालाच सवय लागली होती. त्यांच्या मनात एकच होतं, काळू मेला असेल तर हा माणूस आपल्याला सांगणारही नाही.

शनिवारी ज्योत्स्नाचा फोन आला, आधी माफी, मग हसू. "काकू, मी काल आले. आज सकाळी काका दारात आल्ते. या उन्हात तोंडाला मफलर! म्हणले, 'ज्योत्स्नाबाई, आमचा श्रीखंडाचा डबा तुमच्याकडे आहे म्हणे.' मी दिला. म्हणले, कसं द्यायचं ते दाखवा. मंग मी तुमच्या घरी गेले. पाणी मी बदललं, झिंगा मी सोलला. घास त्यांनी धरला. डाव्या हातात. म्हणले, उजवा पूजेचा आहे."

"खाल्लं का त्यानं?"

"पहिल्यांदा न्हाई. दुसऱ्यांदाही न्हाई. काका तसेच उभे, बाही कोपरापर्यंत भिजलेली. 'घे रे बाबा, घे,' म्हणत होते. तिसऱ्यांदा उठला आणि घेतला, काकू! काकांच्या डोळ्यांत पाणी आल्तं. मी बघितलं तर म्हणले, डब्याचा वास डोळ्यांत जाऊन राह्यला."

विमलबाई मात्र उघड उघड रडल्या.

रविवारच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवरून फिरत फिरत पुण्यात पोचला. काळूच्या पेटीला झेंडूची माळ होती. नरहरराव माईक धरून उभे होते. आता हे काय सांगणार, म्हणून विमलबाईंनी आवाज मोठा केला.

"मित्रहो," नरहरराव म्हणाले, "आमच्या सत्त्वशीलाचं सव्वा वर्षाचं व्रत काल पूर्ण झालं. व्रत म्हटलं की उद्यापन आलंच. उद्यापनानंतर व्रतस्थानं आपल्या प्रकृतीप्रमाणे अन्न घ्यावं. न घेतल्यास दोष लागतो."

टाळ्या पडल्या. छत्तीस वर्षांची नोकरी वाया गेली नव्हती. फाइल अंगावर आली की ती कशी निकाली काढायची, हे या माणसाला झोपेतही जमलं असतं. रामप्रसादजींनी शाल पेटीवर पांघरली. नव्या वस्तूनं भेदरून काळू ताबडतोब एका कुशीवर आडवा झाला. "शाल पांघरताच नम्रतेनं साष्टांग नमस्कार," असं साप्ताहिकात फोटोखाली छापून आलं.

दीड महिना झाला, बाळाचं बारसं झालं आणि विमलबाई जालन्याला परतल्या. दारात पिशवी ठेवायच्या आधी त्यांची नजर पेटीकडे गेली. काळू काचेला तोंड लावून शेपूट हलवत होता, पार अंग वाकवून. कपाळावरची भोकं भरत आली होती, वण राहिले होते. नरहरराव स्टुलावर बसले होते, डावी बाही दुमडलेली, पुढ्यात श्रीखंडाचा डबा. आता तो घरच्याच फ्रीजमध्ये, वेगळ्या कप्प्यात राहत होता.

"पाहिलंस? दीड इंच वाढला," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "तुझं बराबर होतं. ज्याची जी प्रकृती, त्याला ते द्यावंच लागतं. मुक्या जिवावर आपला नेम लादणं चांगलं न्हाई."

विमलबाईंना आधी आनंद झाला, काळू जगला याचा. मग दुसरंच काहीतरी छातीतून वर आलं, आणि ते राग आहे हे कळायला त्यांना क्षण लागला, कारण त्याची सवय नव्हती.

"आणि मी?" त्या म्हणाल्या. "मला तर तोंड होतं. मंग माझ्यावर कसा लादला?"

"काय लादलं?"

"जांबला लसूण तुम्ही सोडला. सुटला कुणाचा?"

नरहररावांनी तोंड उघडलं आणि मिटलं, अगदी काळूसारखं. शेरा काही सापडेना. "अगं, पण तो नेम... देवापुढे..."

"नेम तुमचा, तुम्ही पाळा. माशाचं उद्यापन सव्वा वर्षात केलं तुम्ही, मंडप घालून. मला तेवीस वर्षं झाली. मला मंडप नको, शाल नको. माशाला दिलं तेवढंच द्या."

त्या आत गेल्या. स्टूल ओढून चढल्या, माळ्यावरून खलबत्ता उतरवला, त्यावरची धूळ पदरानं पुसली. पुण्याहून येताना चिन्मयीनं उरलेला लसूण पिशवीत घातला होता. दहा पाकळ्या, सुकी मिरची, मीठ, मूठभर शेंगदाणे. पहिला घाव बसला तसा वास घरभर सुटला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग नरहररावांनी उठून स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि जाऊन पुन्हा पेटीपाशी बसले.

दुसऱ्या दिवशी मोती बागेत नरहररावांनी सांगितलं की सौभाग्यवतींचंही तेवीस वर्षांचं व्रत होतं, त्याचं उद्यापन आपणच कालच्या मुहूर्तावर करून दिलं. ज्योत्स्नाकडे चार दिवस राहायला आलेल्या तिच्या सासऱ्यांनी बागेत ते ऐकलं, ज्योत्स्नानं येऊन काकूंना सांगितलं.

"सांगू दे," विमलबाई म्हणाल्या. त्यांच्यापुढे भाकरी होती, भाकरीवर चटणी होती, चटणीवर कच्चं तेल होतं. त्यांनी ज्योत्स्नालाही अर्धी मोडून दिली.